नमुने

विज्ञानाशी माझं भांडण नाही. पण जाणंयेणंही नाही. आमच्या वेळी साताऱ्याकडे एक प्रघात होता. मुलगा हुशार असला तर सायन्सला, बरा असला तर कॉमर्सला आणि घरच्यांनी आशा सोडली असली तर आर्ट्‌सला. (यावर आर्ट्‌सची मंडळी रागावतील हे मला ठाऊक आहे. पण ती रागावली तरी सुंदर भाषेत रागावतात, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो.) दहावीतले माझे विज्ञानाचे गुण पाहून वडिलांनी मला 'बरा' ठरवलं. मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली बावीस वर्षं काउंटरच्या काचेआड बसून लोकांचे पैसे लोकांनाच परत देतो आहे.

अशा माणसाची बायको २०१९ सालच्या एका संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, मी पीएच. डी. करू का?"

मी कप खाली ठेवला. बायकोनं "मी नवीन साडी घेऊ का?" असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं याचा मला सतरा वर्षांचा सराव आहे. या प्रश्नाचा नव्हता.

"कशात?" मी विचारलं. वेळ काढायला हा प्रश्न बरा असतो. कर्ज मागायला येणाऱ्यालाही आम्ही हेच विचारतो.

"वनस्पतिशास्त्रात."

हिच्या शिक्षणाची हकीकत सांगण्यासारखी आहे. तालुक्याच्या गावी नव्यानं निघालेल्या कॉलेजात ही बी. एस्सी. झाली. तिथल्या प्रयोगशाळेत बारा मुलींत मिळून एक सूक्ष्मदर्शक होता. त्यातून पाहिलं की काहीही ठेवलेलं असो, बुरशीच दिसायची. कारण ती भिंगावरच होती. बी. एस्सी.ला एक्कावन्न टक्के पडले. मग लग्न, मग चिरंजीव, मग चिरंजीवांच्या मुंजीपर्यंत काही नाही. पुढे हिनं हट्टानं एम. एस्सी. केलं. पीएच. डी.ला पदव्युत्तर परीक्षेत पंचावन्न टक्के लागतात. हिला छप्पन्न होते. एस. टी. सुटता सुटता दांडीला हात लागावा तसं.

तेव्हापासून ही एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. दिवाळीची सुट्टी लागली की सगळ्या जगाला आनंद होतो आणि तासिका तत्त्ववाल्यांचा पगार थांबतो.

"कर की," मी म्हणालो. माझी समजूत अशी होती, की प्रवेश मिळेल तेव्हा बघू.

प्रवेश मिळाला. त्यासाठी 'पेट' नावाची परीक्षा असते. ही पहिल्या खेपेला राहिली, दुसऱ्या खेपेला सुटली. पीएच. डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत, असा नियम आहे. मी लगेच मनात मुदत ठेवीचा हिशेब केला. तीन वर्षांची ठेव धरून चाललो होतो. निघाली सहा वर्षांची.

सरांनी म्हणजे हिच्या मार्गदर्शकांनी विषय दिला, 'महाबळेश्वर भागातील दगडफुलं आणि बाजारात विकलं जाणारं दगडफूल'. दगडफूल म्हणजे तेच, आपल्या गोड्या मसाल्यातलं. हे ऐकून सर्वांत जास्त आश्चर्य माझ्या आईला वाटलं.

"त्यात सहा वरसं काय शिकायचं? तेलावर परतायचं नि कुटायचं," ती म्हणाली. आईची चौथी इयत्ता झालेली असून तिचा गोडा मसाला आमच्या पेठेत पाच घरी जातो.

मीही त्याच मताचा होतो. पण हळूहळू माझ्या कानावर ज्या गोष्टी पडू लागल्या त्या ऐकून माझी मसालेभाताकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दगडफूल हे फूल नाही. ते धड एक झाडही नाही. ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे. बुरशी घर बांधते आणि ओलावा धरून ठेवते. शैवाल उन्हावर स्वयंपाक करतं आणि बुरशीला खाऊ घालतं. श्वेंडेनर नावाच्या एका स्विस माणसानं १८६० च्या दशकात हे सांगितलं, तेव्हा दगडफुलांचे बडेबडे जाणकार त्याच्यावर तुटून पडले होते. शाळेत आपण जो लिटमसचा कागद आम्लात बुडवून तांबडा करत असू, त्याचा रंग मुळात दगडफुलाच्या भाऊबंदांपासून काढत.

"आणि गंमत म्हणजे," ही म्हणाली, "शास्त्रीय नाव मात्र बुरशीचं लागतं. राबतं शैवाल, नाव बुरशीचं."

असं म्हणून तिनं आमच्या दारावरच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर माझं नाव आहे. मी पेपर उघडला.

पुढे तिनं असंही सांगितलं, की २०१६ साली काही दगडफुलांत तिसराही एक भागीदार सापडला. एक जातीचं यीस्ट. वरच्या सालीत लपून राहतं आणि तिथे त्याचं नेमकं काम काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. त्या वेळी आई शेजारच्या खोलीत होती. मी काही बोललो नाही.

नमुने गोळा करण्याच्या कामात मी हमाल म्हणून रुजू झालो. वनखात्याची परवानगी काढली होती. रविवारी पहाटेच्या एस. टी.नं जायचं, हिनं झाडांच्या साली आणि दगड भिंगातून बघत हिंडायचं आणि मी मागून छिन्नी-हातोडी आणि कागदी पाकिटं घेऊन चालायचं. पावसाळ्यात जळवाही बरोबर चालत. खडकाला घट्ट चिकटलेल्या काही जाती असतात, त्या दगडाच्या कपच्यासकट काढाव्या लागतात. एकदा एका देवळामागच्या कातळावर मी छिन्नी लावली आणि चार ठोके मारले तोच मागे आठदहा माणसं उभी. देवळामागे, पहाटेच्या वेळी, छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला अनोळखी माणूस गुप्तधनाशिवाय दुसरं काय काढणार? मी वनखात्याचं पत्र दाखवलं, बँकेचं ओळखपत्र दाखवलं. बँकेच्या ओळखपत्रानं संशय वाढला. शेवटी हिनं पाकीट उघडून आतली करडी खपली दाखवली आणि त्यांतल्या एका म्हातारीनं ती हुंगून निकाल दिला, "सोडा त्यांला. मसाल्याचं हाय."

२०२० साली करोना आला आणि प्रयोगशाळा बंद झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आमचा पगारवाढीचा करार झाला. एरिअर्सच्या पैशांत मी स्कूटर घेणार होतो. घरात सूक्ष्मदर्शक आला. जुना होता, पण भिंगावर बुरशी नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला सूक्ष्मदर्शक, अशी मांडणी झाली. ही एका हातानं पोळी उलटायची आणि दुसऱ्या हातानं दगडफुलावर कसल्या कसल्या द्रावणाचा थेंब टाकायची. थेंब पडला की काही जाती पिवळ्या पडत, काही लाल होत आणि काही ढिम्म राहत. त्यावरून जात ओळखायची. आमच्या साहेबांकडे रजेचा अर्ज टाकला की साधारण हेच तीन प्रकार होतात.

मला या काळात फार वाटायचं, की आपणही काहीतरी धीराचं बोलावं. एका रात्री हिला म्हणालो, "हे बघ, सी. व्ही. रामन मुळात आमच्या खात्यातले. १९०७ साली कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल होते. मधे रंगूनला आणि नागपूरला बदल्या झाल्या. दिवसभर सरकारी हिशेब आणि उरलेल्या वेळात प्रयोग, अशी दहा वर्षं काढली. पुढे नोबेल मिळालं."

"हो," ही पोळपाट धुताना म्हणाली, "आणि त्याच रामनांनी १९३३ साली कमला भागवत नावाच्या मुलीला बंगलोरच्या संस्थेत प्रवेश नाकारला होता. ती बी. एस्सी.ला पहिली आलेली असताना. केवळ बाई म्हणून. तिनं हट्ट धरला तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं."

"प्रोबेशन आम्हालाही असतं. सहा महिने."

"तीच पुढे कमला सोहोनी झाली. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी."

"तिचा प्रबंध किती पानांचा होता?"

"चाळीस."

"मग तुझा कशाला एवढा लांबतोय?" असं मी विचारलं. नंतरचे दोन दिवस मला जेवताना चटणी-कोशिंबीर मिळाली नाही.

आता मुख्य दुर्दैवी प्रसंगाकडे येतो. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ही दोन दिवस माहेरी गेली होती. मसाल्याचे दिवस होते. आईनं कपाट उघडलं. तिथे कागदाच्या पाकिटांत, स्वच्छ निवडलेलं, सावलीत वाळवलेलं दगडफूल ठेवलेलं. 'म-१४' ते 'म-१९'. आईला वाटलं, सूनबाईनं जाताना आठवणीनं आणून ठेवलं. महाबळेश्वरच्या सहा ठिकाणांहून दोन पावसाळे हिंडून जमवलेले ते सहा नमुने आईनं तेलावर खमंग परतले आणि धणे, खोबरं, तीळ यांच्याबरोबर कुटले.

ही परत आली. कपाट बघितलं, बरणी बघितली, आईकडे बघितलं. मी दाराआड उभा होतो. ही काही बोलली नाही. बरणीचं झाकण लावलं आणि आत जाऊन बसली. त्या वर्षीचा मसाला अतिशय सुरेख झाला होता, पण हे बोलून दाखवण्याची घरात कुणाची छाती नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात हिच्या कामाचा आढावा होता. समितीपुढे उभं राहून दर सहा महिन्यांनी काय केलं ते सांगायचं असतं. सहा नमुने कुठे गेले, असा प्रश्न आला. हिनं खरं ते सांगितलं. समिती हसली. तिथवर ठीक होतं, मीही हसलो असतो. पण त्यांतल्या एका सदस्यांनी कागद चाळत विचारलं, "बी. एस्सी. कुठून केलंत?" हिनं कॉलेजचं नाव सांगितलं. "किती टक्के?" हिनं तेही सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले आणि कागद मिटला.

बस, एवढंच. कुणी अपमान केला नाही, ओरडलं नाही. पण त्या 'अच्छा'नंतर हिनं घरी येऊन सूक्ष्मदर्शकावर टॉवेल टाकला, वह्या ट्रंकेत भरल्या आणि ट्रंक पलंगाखाली सारली. चार दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला तिथे बसल्यावर पहिल्या दिवसापासून असं वाटतं, की आपण बिनतिकिटाचे बसलोय. आता टी. सी. येईल, मग येईल. परवा आला."

मला काही सुचेना. रामन या वेळी उपयोगाचे नव्हते. शेवटी जे येत होतं तेच बोललो. म्हणालो, "आमच्याकडे २०१४ सालापासून जनधनची खाती शून्य रुपयांवर उघडतात. सुरुवातीला शून्य होते म्हणून पुढे जमा झालेले पैसे कुणी नाकारत नाही. आणि तुझे तर एक्कावन्न होते."

"तुमचं सीएआयआयबीचं काय झालं?" तिनं शांतपणे विचारलं.

ही बँकेतल्या बढतीच्या उपयोगाची परीक्षा. मी एकदा बसलो, एका विषयात राहिलो. पुन्हा बसलो असतो तर कदाचित पुन्हा राहिलो असतो, म्हणून बसलोच नाही. लोकांना सांगतो, की मला बढतीची हौस नाही, बदली होते. त्या रात्री पहिल्यांदा मला हे स्वतःला सांगावं लागलं, की हिला 'सोडू नको' म्हणणारा मी, एका पेपरावर सोडून बसलो होतो. आणि ही तीन वर्षं जळवा काढत हिंडली होती. मी गप्प बसलो. उपदेशाचं दुकान तिथेच बंद केलं.

ट्रंक पलंगाखालून बाहेर निघाली ती आईमुळे. तिला त्या मसाल्याचा सल होता. एका दुपारी ती माझ्याकडून पैसे घेऊन बाजारात गेली आणि चार दुकानांतून दगडफुलाच्या चार पुड्या घेऊन आली. हिच्यासमोर ठेवून म्हणाली, "घे. माझ्यापायी गेलं तेवढं भरून दिलं."

"आई, ते असं भरून येत नाही हो," ही म्हणाली. "ते कुठल्या झाडावरचं, कुठल्या उंचीवरचं..."

"बरं, मग निवडून तरी देते," असं म्हणत आईनं सुपात पुड्या रिकाम्या केल्या आणि हुंगत हुंगत ढीग घालायला लागली. हे वासाचं. हे नुसतं दिसायला, याला वास नाही. हे कडवट लागतं, काढून टाकायचं. तीन ढीग झाले. ही आधी नुसती बघत होती. मग तिनं सूक्ष्मदर्शकावरचा टॉवेल काढला.

बाजारातलं दगडफूल एका जातीचं नसतं, त्यात अनेक जाती मिसळलेल्या असतात, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. पण ज्यांनी पन्नास वर्षं मसाला केला, त्यांच्या नाकाला त्यांतलं किती कळतं, हे हिनं कुणाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत थेंब टाकणं चाललं होतं. आईच्या तीन ढिगांत चार जाती निघाल्या.

"एक ढीग चुकला," ही आईला सकाळी म्हणाली.

"चुकेल कसा?" आई म्हणाली आणि दोघी पुन्हा सुपापाशी बसल्या.

त्यानंतर ही पेठेतल्या मसाला करणाऱ्या बायकांकडे सूप घेऊन हिंडली. सहा नमुन्यांसाठी आम्ही आणखी दोन पावसाळे महाबळेश्वर केलं. छिन्नी लावण्यापूर्वी मी आता आसपासच्या देवळाच्या पुजाऱ्याला भेटत असे. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटर वाढतं आणि काही जाती तर मिलिमीटरभरही वाढत नाहीत. मला आता त्यांचा राग येत नसे. संध्याकाळी बँकेत रोकड जुळवताना वीस रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. वीस रुपये खिशातून टाकून मोकळं होणं सोपं असतं. पण मग फरक कुठे होता ते कधीच कळत नाही. हिचं काम याहून फार निराळं असेल असं मला वाटत नाही. फक्त तिचा फरक सहा वर्षं सापडत नव्हता आणि ती घरी गेली नव्हती.

प्रबंध २०२४ साली गेला. दुसऱ्याचं उचललेलं किती आहे ते यंत्रावर तपासून घेतात. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "माझ्या नाकाचं लिहिलंयस त्याचं यंत्राला काही सांगू नकोस." आभाराच्या पानावर सरांच्या खाली आईचं नाव आहे. माझं त्याच्याखाली, 'नमुने वाहून नेल्याबद्दल'.

२०२५ च्या सुरुवातीला व्हायवा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारला. ही दोन वाक्यं इंग्रजीत बोलली, अडली, क्षणभर थांबली आणि मग सरळ मराठीत बोलायला लागली. पंधरा मिनिटं बोलली. परीक्षकही मराठीच निघाले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "त्या सहा नमुन्यांचा मसाला शिल्लक आहे का?"

कुणी हिला बी. एस्सी.चे टक्के विचारले नाहीत.

पुढच्या महिन्यात ही बँकेत आली. खात्यावरचं नाव बदलायचं होतं. रीतसर टोकन घेऊन रांगेत उभी राहिली. मी खुणेनं पुढे बोलावलं तर आली नाही. पाळी आल्यावर काचेखालून अर्ज सरकवला. 'सौ.'च्या जागी 'डॉ.' करावं. सोबत विद्यापीठाच्या अधिसूचनेची प्रत. अर्जाखाली सही.

मी नियमाप्रमाणे सही संगणकावर ताडून पाहिली.

"बाई, सही जुळत नाही," मी म्हणालो.

"कशी जुळेल? ती सतरा वर्षांपूर्वीची आहे."

"मग नव्या नमुना सह्या द्याव्या लागतील. तीन."

मागच्या गृहस्थांनी अर्जात डोकावून पाहिलं. "डॉक्टर आहात का? माझा हा उजवा गुडघा बघा..."

"मी दगडफुलांची डॉक्टर आहे," ही म्हणाली.

"असं होय," ते म्हणाले. जरा विचार करून त्यांनी विचारलं, "मग मसाल्यात चांगलं कुठलं?"

ही त्यांना सांगायला लागली. रांग खोळंबली होती, पण कुणी तक्रार केली नाही. दोन बायका तर पुढे सरकून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर हिनं चौकटीत तीन सह्या केल्या, एकीखाली एक, पाकिटावर क्रमांक घालते तशा सावकाश. मी 'सौ.' खोडून 'डॉ.' केलं. बावीस वर्षांत अशा हजारो नोंदी केल्या असतील. ही मी दोनदा तपासली आणि मंजुरीसाठी साहेबांकडे पाठवली.